खोटं ब्लेड

असाबात शूटिंग. जनरेटरला धाप लागलेली.
न्वाकाएगो वीस वर्षं पडद्यावर
दुसऱ्यांनी लिहिलेलं रडली,
कधी वांझ म्हणून, कधी चेटकीण,
आज कॅमेऱ्यामागे उभी.

सीन असा: नवरा गेला, बाईचं डोकं भादरतात.
नटीनं मान खाली घातलीय. ब्लेड खोटं.

गर्दीत बसवायला आणलेली मिरचीवाली
(दोन हजार नायरा, वर जेवण)
मध्येच उठली.
"पुढून नाही गं, मागून सुरू करायचं.
केस पाठीवर पडतात, तिला दिसत नाहीत.
माझ्या जावेनं
तेवढी दया केली होती."

जनरेटर बंद पडला.
कॅमेरा बॅटरीवर, चालूच.

न्वाकाएगोनं ब्लेड तिच्या हातात दिलं,
नटीला उठवलं
आणि त्या स्टुलावर
स्वतः बसली, पाठ करून.