आठानंतर नऊ

तेरा वर्षं मी आठापर्यंतच मोजलं.
आठ झाले की पुन्हा एक.
तालमीत, प्रयोगात,
पावाच्या रांगेत उभी असतानासुद्धा.
कामाग्वेच्या जुन्या थिएटरात
हंसांच्या दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी मी.
आई उसनी दुर्बीण लावून शोधायची मला
आणि बहुतेकदा भलत्याच मुलीसाठी टाळ्या वाजवायची.

मग घोटा गेला.
एकदम नाही, नाटकी काही नाही.
भाडं थकलेला भाडेकरू
रोज रात्री एकेक भांडं हलवतो,
तसा गेला.
एकतिसाव्या वर्षी रिबिनी धुऊन वाळत घातल्या
आणि मेडिकलच्या वर्गात जाऊन बसले.
बाकी सगळी अठराची पोरं.
मला मावशी म्हणायची, प्रेमानंच.

वीज गेली की, आणि ती जातेच,
चार्जिंगच्या दिव्याभोवती आम्ही हाडं पाठ करायचो.
टाचेचं, घोट्याचं, होडीसारखं दिसणारं ते एक.
पोरं नावं घोकत होती.
मी मात्र ओळखी काढत बसायचे:
हां, हाच तो,
सांतियागोच्या दौऱ्यात बसमध्ये रडवणारा.
आणि ही तिघं पावसाळी हवेत कुरकुरणारी.
उत्तरपत्रिकेत असं लिहून चालत नाही.
पहिल्या परीक्षेत नापास झाले.

वॉर्डातला पहिला दिवस.
खाट अकरा. एउसेबियो, वय सत्तर,
जन्मभर सायकलरिक्षा ओढलेला.
साखर अंगठ्यात उतरलेली, अंगठा काळा.
नाडी मोज, नेरेइदाबाई म्हणाल्या.
मी मनगट धरलं.
एक, दोन, तीन, चार,
पाच, सहा, सात, आठ,
एक, दोन...
मिनिट संपलं.
किती?
मला सांगता येईना.
आठाची किती आवर्तनं झाली, कुणास ठाऊक.
बाईंनी घड्याळाला किल्ली दिली.
आठानंतर नऊ येतो, मुली.
पुन्हा धर.

नऊ.
काय परका आकडा होता तो.
रंगमंचाच्या कडेपलीकडे पाऊल पडावं
आणि खाली वादकांचा खड्डा नसावाच,
नुसती जमीन असावी,
पुढे, आणखी पुढे.
दहा. अकरा. बारा.
कुणी परत बोलवत नव्हतं.

सेहेचाळिसाव्या ठोक्यानंतर
एक जागा रिकामी गेली.
माझ्या बोटांना लगेच कळलं,
रांगेतली एखादी मुलगी अर्धा क्षण मागे राहिली की
मानेवरच्या केसांना कळायचं तसं.
बाई, यांचा एक ठोका गळतोय!
आवाज जरा जास्तच चढला माझा.
सहा वर्षांपासून फाइलीत लिहिलंय ते,
बाई चष्मा न काढता म्हणाल्या.
आकडा सांग.
एकोणसत्तर.

मलमपट्टी करायला खाली बसले
तेव्हा म्हातारा माझ्या सँडलकडे बघत होता.
पोरी, तुझे पाय तर माझ्याहून वाईट.
नाचायचे मी. बॅले.
पाहिलाय एकदा. साखर कारखान्यानं नेलं होतं सगळ्यांना.
मला झोप लागली.
कितव्या अंकात?
पहिल्याच.
मी दुसऱ्या रांगेत असायचे.
मग जागा असतो तरी दिसली नसतीस,
असं म्हणून तो इतका हसला
की शेजारच्या खाटेवरचा उठून बसला.

पट्टी गुंडाळताना हात आपोआप वळले.
रिबिनीची गाठ घोट्याच्या आतल्या खळगीत लपवतात,
म्हणजे टोचत नाही, बाहेरून दिसत नाही.
तशीच घातली.
अंगठा वाचणार नव्हता.
गुरुवारची तारीख दोघांनाही माहीत होती,
दोघंही पट्टीकडेच बघत राहिलो.

उद्या किती वाजता येशील?
सातला.
बरं, म्हणाला.
मग साडेसहापासून जागा राहतो.