तीन बोटं

चाक आणि मडगार्डच्या मधे
माझी अख्खी मूठ जायची.
एवढी तापट गाडी, आणि उभी कशी?
गोदेत उतरताना
धोतर वर खोचल्यासारखी.

अंबडला मुर्तडक मिस्त्रींनी
दोन सेटमधली एकेक स्प्रिंग बाकावर ठेवली.
लाल, पन्नास मिलिमीटर खाली नेणारी,
फोटोत देखणी.
आणि काळी, पंचवीसची,
कुणाच्या नजरेत न भरणारी.

'शॉकअप कंपनीचेच ठेवणार ना?'
मी मान हलवली. पैसे तेवढेच होते.
'मग त्यांना झेपेल तेवढंच माग.
जास्त दाबलंस तर
वर्षभरात तेल गाळून बसतील.'
मग चहा बशीत ओतत,
'आणि पाथर्डी फाट्याचे गतिरोधक
काय तुझ्या मामाचे आहेत?'

काळी घेतली.

सोसायटीत कुणालाच कळलं नाही.
आईने विचारलं, पैसे नेमके कशाचे दिलेस?
फक्त त्र्यंबक रोडच्या वळणावर
गाडी पूर्वीसारखी कलली नाही
आणि मागे झोपलेली प्रांजल
झोपलेलीच राहिली.

रात्री पार्किंगमध्ये
हात घालून बघतो.
मूठ अडते.
तीन बोटं सहज.
चौथ्याचा हट्ट
मी काढत नाही.