वन बाय टू

सदरच्या त्या हॉटेलात भरदुपारीही रात्र असायची.
लाल कंदील, त्यांवर तेलकट धूळ,
भिंतीवरच्या ड्रॅगनचा एक डोळा पोपड्यासोबत गळालेला.
बाहेर मे महिना, शेहेचाळीस डिग्री.
खरं सांगायचं तर आपण कूलरसाठी जायचो.
एक स्वीट कॉर्न, वन बाय टू.
टेकबहादूर दोन अर्ध्या वाट्या ठेवून जायचा
आणि तू चमच्याने मोजायचास
कुणाच्या वाटीत मका जास्त.

व्हिनेगरातल्या मिरच्या फुकट होत्या;
तू त्या भाजीसारख्या खायचास.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
वर मलाच, "काऊन हसून राहिली?"
काट्याला कसेबसे गुंडाळलेले नूडल्स
माझ्या हातून पुन्हा सुटायचे.
लग्नाची तारीख टेकबहादूरने आधी विचारली,
घरच्यांनी नंतर.

इंदोऱ्याच्या दोन खोल्या.
पहिल्या रविवारी मी कढईत हक्का केले,
पत्ताकोबी जाड, गाजर त्याहून जाड.
आई दारातूनच म्हणाल्या,
"गांडुळं काऊन शिजवून राहिली वो माय?"
रात्री पाणी प्यायला उठले तर
कढई मांडीवर घेऊन बसलेल्या,
बोटाने खरवडत.
मी लाइट लावला नाही.

मग एका ऑक्टोबरात, दीक्षाभूमीच्या गर्दीत,
थायलंडहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने
माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली.
आत वाळक्या मुळीच्या चकत्या,
आल्यासारख्या, पण आलं नव्हे.
भाषा नव्हती. तिने हवेतच भांडं ढवळलं,
वाफ हुंगली, डोळे मिटले.
घरी आपण अंदाजाने केलं:
नारळाचं दूध, कुंडीतला गवती चहा, ती मुळी,
आणि तुला राहवेना म्हणून मूठभर भिवापुरी मिरची.
बँकॉकला निघालेला रस्सा
सावजीच्या गल्लीतून परत आला.
भाताचं पातेलं पुसून खाल्लं आपण.
पुडीतल्या दोन चकत्या अजून ठेवल्या आहेत,
वास केव्हाच गेला.

चॉपस्टिक्स? त्या कधीच जमल्या नाहीत.
एक माझ्या अंबाड्यात असते,
दुसरीने तू मनीप्लांट उभा केलायस.

मार्चमध्ये डॉक्टरने दंडाचा पट्टा सोडला, आकडा पाहिला,
पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला.
लोणचं बंद. पापड बंद.
सोया सॉसचं तर नावच काढू नका.
बाटली तू फेकली नाहीस.
कधीमधी झाकण उघडतोस, हुंगतोस, लावून ठेवतोस.
मी भांडी घासत असल्याचं सोंग करते.

मंगळवारी गोकुळपेठेत, डोल्माच्या गाडीपाशी
तू आठ मोमो सांगितले, चटणी जास्त.
गोठणगावात वाढलेली पोरगी ती,
आपल्यापेक्षा पक्की नागपुरी.
"चटणी तुम्हाले नाही भेटत, सुगतभाऊ.
वहिनीनं मना केलं."
तू माझ्याकडे असं पाहिलंस
जणू मी तुझा एटीएमचा पिन चौकातल्या बोर्डावर लिहिला.
एलआयसी चौकापर्यंत बोलला नाहीस.

काल रात्री लाइट गेली होती. नुसता उकाडा.
मी मक्याचं सूप केलं, दाणे भुट्ट्यावरून सोलून.
पहिला घोट घेऊन तू म्हणालास, "मस्त झालं."
मी माझा चमचा तोंडात घातला.
मीठ घालायलाच विसरले होते,
चिमूटभरही नाही.
डबा हाताशी होता. माझ्या बीपीला काही झालेलं नाही.
मी उठले, मेणबत्ती सरळ केली,
परत बसले.

तू दोन्ही वाट्या उजेडाकडे ओढल्यास,
चमच्याने दाणे बाजूला करत राहिलास
बराच वेळ.
"तुझ्यात सात जास्त आहेत," म्हणालास,
आणि तीन काढून घेतलेस.