चौथ्या दिवसाचं पाणी

मानपत्रांवरची नावं मी घातली.
पाच नावं, दोन लिप्या, एकच ब्रश.
वर कन्नड, खाली मराठी.
अक्षरं किती बोटं उंच, हे कमिटीत ठरलं,
त्यावर दोनदा चहा झाला.
मला दोन्ही लिहिता येतात.
भांडता मात्र एकाच भाषेत येतं,
तेही घरी, हळू आवाजात.

रेमेत फर्नांडिस सोपं गेलं.
तीस वर्षं खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
सुई टोचण्याआधी ती पोराला विचारायची,
‘तुमची म्हैस व्याली काय रे?’
पोर सांगायला तोंड उघडायचं, तोवर काम झालेलं.

हुसेनबी मुजावरच्या ‘र’चा शेपटा घसरला.
निम्म्या गावाची नाळ कापलेल्या हातात
तिनं तो कागद धरला, लांब नेला, जवळ आणला.
‘असू दे. रेशनकार्डावर मी याहून वाकडी हाय.’

अक्काताई सुळगेकर तहसीलच्या पायरीवर बसते.
नोटीस कन्नडात येते, माणूस मराठीत घाबरतो,
मधे अक्काताई.
आधी ती सगळं स्वतःशी वाचते,
मग म्हणते, ‘बस. पाणी पी. जमीन कुठं जात नाही.’
फी म्हणाल तर एक पान, कात जरा जास्त.

चौथं नाव सांगत नाही.
शालींचे पैसे त्यानंच दिले होते.

पाचवं निंगाप्पा कडोलकर, वॉलमन.

कार्यक्रम पाचचा, म्हणजे सहाला सुरू झाला.
पाहुणे बेळगावहून आले होते,
‘सेवा’ हा शब्द उच्चारताना डोळे मिटायचे.
निंगाप्पाच्या खुर्चीवर नारळ बसला होता,
शेजारी घडी घातलेली शाल.
नाव दोनदा पुकारलं.
तिसऱ्यांदा पुकारायला माइक हातात घेतला, तोच
दारातून कुणाचंतरी पोर ओरडलं,
‘आई गे, नळ आला!’

वैशाख होता. चौथा दिवस होता.
आधी तिसरी रांग उठली,
मग पदर सावरत सगळ्याच.
हुसेनबी अंगावरच्या शालीसकट उठली,
‘येतो की आत्ता,’ म्हणाली, आली नाही.
अक्काताईनं हार काढून खुर्चीला घातला.
पाहुण्यांचं वाक्य क्रियापदाशिवाय राहिलं
आणि माइकमधून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं ते
घागरी आपटल्याचं, बायका हसल्याचं,
कळशीचा आवाज खालून वर चढत जाताना
बारीक होतो, तो.

मी शाल, नारळ, मानपत्र उचललं
आणि कुंभार गल्लीच्या तोंडाशी गेलो.
निंगाप्पा खड्ड्यात उतरला होता.
लोखंडी चावीच्या टोकाला कान लावून
पाणी कुठवर गेलं ते ऐकत होता.
हात वर केला. थांबलो.
बरंच थांबलो.

‘शेवटच्या घरात पोचलं,’ म्हणाला,
‘ती म्हातारी एकटी हाय, तिची घागर हळू भरते.’
‘तुमचा सत्कार होता की.’
‘व्हय. येणार हुतो खरं,
आज हिकडची पाळी. मी तिकडं, तर हितं कोण?’

कागद त्यानं ओल्या हातात घेतला नाही.
‘वाच.’
मी मराठी वाचलं. मग कन्नड वाचलं.
‘दोन्हीकडं मीच हाय न्हवं?’
‘तुम्हीच.’
‘मग बरं.’

शाल सायकलच्या कॅरियरला अडकवली,
नारळ मलाच दिला, फोडून वाट म्हणाला,
आणि चावी खांद्यावर घेऊन निघाला.
मेदार गल्ली कोरडी होती अजून,
तिथल्या बायका दारात उभ्या होत्या,
रिकाम्या घागरी कडेवर,
लेकरं घ्यावीत तशा.