पट सत्तेचाळीस

केंद्रप्रमुखांचा निरोप: उद्या अकरापर्यंत पाठवा.
दोन रकाने. डावीकडे बलस्थाने, उजवीकडे उणिवा,
प्रत्येकी पाच मुद्दे, थोडक्यात.
मी पेनाची टोपी दातांत धरून बसलेय
आणि खाली बर्फाच्या कारखान्यात
लाद्या फुटतायत,
पाचवीच्या परिमितीवर, सातवीच्या संधींवर,
सारख्याच.

पट सत्तेचाळीस, पाचवी ते आठवी मिळून.
मला सत्तेचाळीस घरांची दारं पाठ आहेत,
कुठल्या दारात कुत्रा बांधलेला नसतो तेही.
सुफियानला डाव्या कानानं कमी ऐकू येतं
हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं.
डावीकडे लिहिलं.
मग आठवीचा कबड्डीचा संघ आठवला:
सात जण, राखीव एकही नाही,
समोर उभं राहायला तर कुणीच नाही,
म्हणून मी, शिपाई भितळेमामा
आणि पाचवीची पाच चिल्लीपिल्ली.
मामांचा गुडघा गेल्या जानेवारीत त्यातच गेला.
तोच मुद्दा उजवीकडेही लिहिला.
शब्द तेवढे बदलले.

ग्रंथालय: एक कपाट, किल्ली हरवलेली,
म्हणून कायम उघडं.
पुस्तकं घरी जातात. बरीचशी परत येतात.
परवा एकाला बांगड्याचा वास होता
आणि पान चाळीसवर खवला चिकटलेला,
म्हणजे निदान तिथपर्यंत कुणीतरी वाचलं.
साहेब, खवला कुठल्या रकान्यात?

दिपेन चौधरी, सहावी.
बाप ट्रॉलरवर खलाशी, घर नेपाळात कुठेसं.
बोटी सुटल्या की येतो, बोटी ओढल्या की जातो.
हजेरीपटात त्याचं नाव मी पेन्सिलीनं लिहिते,
तीन वर्षं पेन्सिलच चाललीय.
पहिल्या वर्षी तोंड उघडलं नाही.
आता गणित दिलं की "नाय जमायचा" म्हणतो,
हात वर उडवून, थेट इथल्यासारखं,
आणि मग सोडवतो.
प्रपत्रात "गळती" असा शब्द छापलेला आहे.
त्याच्यापुढे आकडा मागितलाय.

चौथ्या मुद्द्याआधी एक खरं सांगते.
माझा ईशान टेकडीवरच्या शाळेत जातो,
पिवळ्या व्हॅननं.
तिथे दर इयत्तेला तीन तुकड्या, आणि पोहायचा तलाव,
समुद्र दिसेल अशा जागी बांधलेला.
सकाळी मी त्याचा टाय सरळ करते
आणि इथे येऊन पालकसभेत बोलते:
आपली शाळा आहे, विश्वास ठेवा.
तंजिलाची आई एकदा हसली होती त्यावर,
पाटी डोक्यावर घेऊन उठता उठता.
वाईट नव्हती हसली.
मी समासात एक टिंब दिलं.
मग तेही खोडलं.

सोमवारी विज्ञानाचा तराजू काढला होता.
एकच गोटी, चार वेळा तोलली,
चारही वेळा पुस्तकातल्यापेक्षा जास्त.
मी वजनांना दोष दिला, वाऱ्याला दिला,
खिडकी लावून घेतली.
मागच्या बाकावरून तंजिला होडेकर म्हणाली,
"बाई, पयला रिकामा बघायचा. काटा खय ऱ्हातो तो."
तिच्या आईचा तराजू मिरकरवाड्याच्या जेटीवर असतो.
तिला ठाऊक असणार.
गोटी काढली. पारडी डुलली, थांबली.
काटा डावीकडे, दीड घर.
कधीपासून, कोण जाणे. मी इथे बावीस वर्षं आहे.

साडेपाच झाले. पोरं गेली.
भितळेमामा एकेक वर्ग ओढून घेत येतायत,
पाऊल, मग फरफट, मग कडी.
व्हरांड्यात कुणाची तरी एकच चप्पल,
म्हणजे कुणीतरी लंगडी घालत घरी गेलं.
बर्फाचा कारखानाही थांबलाय.
इतकी रिकामी शाळा
मी कधी बसून बघितली नव्हती.

पाचवा मुद्दा दोन्हीकडे कोरा आहे.
मामा, या खोलीतला दिवा
राहू दे जरा.