टाच

तार्तूत फेब्रुवारी. नदी दगड झालेली.
आम्ही तिघं, एक खोली, एक किटली,
आणि हिउमा बेटावरच्या लोकर-गिरणीचं
ऑनलाइन दुकान.

उर्मास डेटाबेसच्या बाहेर पाऊल टाकत नाही.
त्रीनू बटणाच्या कोपऱ्याला
दोन पिक्सेल गोलाई द्यावी की तीन
यावर अख्खी सकाळ घालवते,
आणि तिचंच बरोबर होतं
हे मला आठवड्यानं कळतं.

मी मधली. फुल स्टॅक.
म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या,
असं मी हसत म्हणते,
दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी.

मंगळवारी एका गिऱ्हाइकानं
मोज्यांचा एक जोड मागितला.
गिरणीत मागणी पोचली एकवीस जोडांची.
त्रीनू म्हणाली, बटण एकदाच दाबलंय.
उर्मास म्हणाला, एकवीसदा मागितलं, एकवीसदा नोंदवलं.
दोघांचंही खरं.
दोन खऱ्यांच्या मधे
एक भोक.

मी उतरले त्यात, रात्री अकरापर्यंत.
नेटवर्क अडखळलं की पान विचारत सुटायचं:
ऐकलंस का? ऐकलंस का? ऐकलंस का?
कुणाच्याच वाट्याला न आलेल्या सात ओळी.
ऑगस्टात, घाईत,
मीच लिहिलेल्या.

सकाळी गिरणीत फोन केला.
लेइडा म्हणाली, मला वाटलंच.
एका माणसाला एवढे पाय नसतात.
मी विचारलं, मोजा तुम्ही एकट्याच विणता?
"काठापासून बोटांपर्यंत. एकदा बहीण आणि मी
दोन टोकांकडून विणत आलो.
टाचेपाशी भेट झालीच नाही."
म्हणजे सगळं एकाच हातानं?
"छे गं. रंग सेल्माचा.
मी रंगवलं तर पहिल्याच धुण्यात
लाल पळ काढतो."

फोन ठेवला. खुर्ची ओढली.
दोघांना माझ्या स्क्रीनपुढे बसवलं,
सात ओळी उघड्या, लाज वाटत होती तरी.
उर्मासनं प्रत्येक मागणीला क्रमांक बांधला.
त्रीनूनं दाबलेल्या बटणाला
झोपायला शिकवलं.
मी चहा केला,
आणि मधला धागा त्यांच्यासमोर,
सावकाश,
पुन्हा ओवला.

पंधरा दिवसांनी बेटावरून पार्सल आलं.
आभार म्हणून मोज्यांचा एक जोड,
सेल्माचा लाल.

आम्ही तिघं.
अजून किटलीशेजारी पडून आहे.