वजन

राणीपुऱ्यात इस्माईलभाईनं मेलेल्या लॅपटॉपची बॅटरी
नारळासारखी फोडली.
आत सहा सेल.
मीटरच्या काड्या टेकवत म्हणाला,
"तीन ज़िंदा हैं भिया, बाकी मिट्टी."
तिघांना रुमालात बांधून
मी रामबागेपर्यंत चालत आलो,
हात खिशावर.

मोटर प्रिंटरची.
जन्मभर डावीउजवीकडे येरझाऱ्या घातलेली,
तिला आता बाग ओलांडायची होती.
अंग तुपाच्या डब्याचं, आत अजून वास.
धुराड्यावरून नलूशी वाद झाला :
धूर नाही तर धुराडं कशाला?
मला उत्तर सुचलं नाही.
टूथपेस्टचं टोपण चिकटवलं.

रूळ सरकत्या खिडकीच्या पट्ट्यांचे,
कुंड्यांमागून, नळाखालून, वांग्यांच्या वाफ्याला वळसा घालून.
रुळांत वीज नाही, म्हणून चिखल चालतो,
पडलेली पानं चालतात,
गोगलगायसुद्धा चालते, तिच्या वेळेनं.

पहिल्या दिवशी सपाटीवर छान गेलं.
कढीलिंबापाशी जरा चढ आहे.
तिथं दोन डबे जोडले
आणि चाकं जागच्या जागी गरगरली.
मोटर तापली. मी बंद केलं.
पातालपाणीच्या घाटात गाडीला मागून दुसरं इंजिन लावायचे,
ते आठवलं,
पण माझ्याकडे सेल तीनच.

ताकद कमी नव्हती.
इंजिन हलकं होतं.
हे कळायला मला चार दिवस लागले,
आणि मी चाळीस वर्षं तराजूमागे बसलेला माणूस.

सियागंजातलं दुकान मार्चमध्ये दिलं.
वजनं तेवढी घरी आणली होती, गोणपाटात,
भंगारवाला सांगेल तो भाव, असं भाचा म्हणाला होता.
बुडाशी शिसं, शिशावर दर खेपेचे शिक्के,
इन्स्पेक्टरचा हातोडा, पावती, चहा.

पाचशेचं ठेवलं. हललं नाही.
आणखी पाचशे. थरथरलं.
दोनशे.
माझा हात आपोआप शंभराकडे गेला,
जसा डाळीचं पारडं तरंगायला लागलं की जायचा,
आणि ते निघालं.
कढीलिंबाचा चढ चढून गेलं,
कसलाही आवाज न करता,
फक्त सांध्यांवर टक, टक.

नलू वाफ्यात होती. तिनं मान वर केली नाही,
पण परतीच्या खेपेला
उघड्या डब्यात ओंजळभर मिरच्या टाकल्या.
"स्वयंपाकघरापर्यंत," म्हणाली. "किती असतील?"
"नव्वद ग्रॅम," मी न तोलता सांगितलं.
"शंभर धर," ती म्हणाली.

गाडी पायरीशी जाऊन थांबली.
ती नळावर हात धूत होती अजून,
मातीचे, कोपरापर्यंत.
मिरच्या उन्हात बसून राहिल्या.